मी आवाज दिला होता

मी टेकू बोलतोय. कोळशाच्या खाणीतला, लाकडी. सध्या अर्धाच उरलो आहे, पण बोलायला अर्धा पुरतो.

माझा जन्म डोंगराच्या उतारावर, खडकात झाला. पाणी कमी, वारा फार. खाली ओढ्याकाठची झाडं बघता बघता फुगायची आणि मला हसायची. मी सावकाश वाढलो, म्हणून माझी वर्तुळं दाट आणि अंग जड. फुगलेल्यांची खोकी झाली. मी खाणीत गेलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तोडल्यावर माझी साल काढली आणि मला छपराखाली सावलीत ठेवलं. उन्हात टाकलं असतं तर घाईनं सुकून तडकलो असतो. अंगातली ओल हळूहळू गेली. ओल गेली तसा आकसलो, आकसलो तसा कणखर झालो. ओलं लाकूड दाब आला की मुकाट्यानं वाकतं. सुकं लाकूड सहजी वाकत नाही, आणि मोडायच्या आधी सांगतं.

हे सांगणं ऐकणारा एक म्हातारा होता. खाणीत टेकू बसवायचं काम त्याचं. तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत, पाठीमागे 'कान' म्हणत. त्यानं मला हातोडीनं ठोकून पाहिलं, अंगावरून हात फिरवला. शेजारच्या लाकडाला मोठी गाठ होती, तिथं बोट टेकवून ते बाजूला काढायला लावलं. माझ्याबद्दल एवढंच म्हणाला, "हा चालेल." तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

बोगद्यात त्यानं मला उभं केलं. लाकूड आडवं टाकलं तर मधोमध झुकतं. उभं केलं तर डोंगर पेलतं, कारण झाड असल्यापासून त्याला उभ्यानंच ओझं घ्यायची सवय. माझ्या डोक्यावर एक आडवी फळी ठेवून त्यानं पाचर ठोकली. वरून दाब वाढला की आधी ती फळी चेपते. मग मी करकरतो. मग माणसांनी निघायचं.

पण खाणीत आम्ही सगळेच थोडेफार कुरकुरत असतो. रोज मरे त्याला कोण रडे! त्यातली रोजची कुरकुर कुठली आणि अखेरची कुठली, ते म्हातारा सांगे. तो माझ्या अंगाला कान लावून बसायचा. त्यानं हात वर केला की टोळीनं हातातलं टाकून बाहेर पडायचं. हात वर नसेल तर काम चालू. टोळीला त्याची इतकी सवय झाली की माझा आवाज आला की माणसं माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत.

त्याच टोळीत त्याचा जावई होता. हसतमुख माणूस. एकदा मी जरा जास्त करकरलो तर म्हणाला, "मामा, तुमचं लाकूड जेवढं बोलतं तेवढं तुमची लेक माझ्याशी बोलत नाही."

म्हातारा म्हणाला, "लाकूड कामाचं बोलतं, जावईबापू. ऐकणाराही कामाचा लागतो."

टोळी पोट धरून हसली. जावईही हसला.

पुढं सुरुंगांनी आणि हातोडीनं म्हाताऱ्याचे कान नेले. हे सगळ्यात आधी मला कळलं. पूर्वी मी बारीक करकरलो तरी त्याची भुवई हलायची. ती हलायची थांबली. मग तो माणसांच्या चेहऱ्यांकडे बघू लागला. ती दचकून थांबली की हा हात वर करी. ती त्याच्याकडे बघत, तो त्यांच्याकडे बघे. माझ्याकडे कुणीच नाही.

जावयाच्या ते ध्यानात आलं. एकदा टोळी बाहेर गेली असताना दोघं माझ्या पायाशी भाकरी खात होते. जावई समोर बसला, सावकाश बोलला.

"मामा, मुकादमाला सांगून वरचं काम मागून घ्या. लाकूड निवडायचं."

"का? माझ्या कानाला काय झालंय?"

"मी कानाचं नावही काढलं नाही."

"मग काढू नका," म्हातारा म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

मुकादम रोज माझ्यासमोरून जाई. जावई तोंड उघडी आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून मिटी. वाट बघत राहिला. कशाची, ते त्यालाच ठाऊक.

त्या दिवशी दाब सकाळपासून वाढत होता. डोक्यावरची फळी चेपून पुठ्ठ्याएवढी झाली. मी करकरलो. मग माझ्या एका बाजूचे तंतू दबून चुरगळले आणि दुसऱ्या बाजूचे ताणून फाटू लागले. होता नव्हता तेवढा आवाज मी दिला. टोळी थांबली. सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून पाचर तासत होता. तासतच राहिला.

"कान गप्प आहे," एकजण म्हणाला. "चालू द्या."

सगळे पुन्हा कामाला लागले. फक्त जावई माझ्याकडे बघत होता.

"निघा सगळे," तो ओरडला. "त्यांना ऐकू येत नाही."

टोळी पळाली. म्हाताऱ्याला पळणाऱ्या पाठी तेवढ्या दिसल्या. तो उठला आणि पळायचं सोडून त्यानं माझ्यावर तळवा ठेवला. माझ्या अंगातली थरथर त्याला कळली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला. तोवर जावई मागे फिरला होता. त्यानं म्हाताऱ्याला मानगुटीला धरून बाहेरच्या बाजूला ढकललं.

सुकं, दाट लाकूड एका फटक्यात मोडत नाही. तंतू तंतू करत तुटतं, थोडा वेळ देतं. मी दिला तेवढा वेळ एका माणसाला पुरला. ते दोघं होते.

दगड उपसताना आधी माझा वरचा अर्धा सापडला, मग जावई. म्हाताऱ्यानं मला खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

आता मी त्यांच्या खोलीत चुलीशेजारी भिंतीला टेकून असतो. म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसतो. लेक त्याच्या पाठीमागे स्वयंपाक करते आणि त्याच्या पाठीशी बोलते. समोर आली की फक्त ताट ठेवते.

आज पीठ मळता मळता ती म्हणाली, "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. हे मुकादमाला तेच सांगायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, चार माणसांत माझ्या बापाचं नाक कापू नका."

तिचे हात पिठातच राहिले. थोड्या वेळानं म्हातारा वळला. "काही म्हणालीस?"

तिनं मान हलवली. नाही.

तो पुन्हा खिडकीकडे वळला.

सरपण संपत आलं आहे. उद्या-परवा माझी पाळी. आडवा तोडायला मी अवघड आहे, उभा चिरायला सोपा. तिला फार कष्ट पडायचे नाहीत. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो, डोक्यावरचं काही करकरलं तर शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. निघा. आणि निघताना, ज्याला ऐकू येत नाही त्याचा हात धरा.