पुढची काच

वीणाने गाडी दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपांच्या गल्लीत वळवली आणि आरशातून मागे पाहिलं. ईशानी मागच्या सीटवर मधोमध बसली होती. डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, तरी समोरून आलेला उन्हाचा पट्टा तिच्या हनुवटीपर्यंत पोचलाच होता.

"टोपी खाली ओढ गं."

"आई, आय कान्ट सी एनिथिंग."

"नको बघूस. पोचलोच आपण."

तीन महिन्यांपूर्वी खोरफक्कानच्या समुद्रावरून परतल्यावर पोरीच्या दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला होता. मग ताप, मग सांधे धरले. अकरा दिवस हॉस्पिटलात काढल्यावर आजाराचं नाव कळलं, ल्युपस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हिला उन्हापासून सांभाळा. गाडीत काचेतून येतं, त्यापासूनसुद्धा." त्या दिवसापासून वीणाला सूर्य दारावर टपून बसल्यासारखा वाटायचा. घराचे पडदे उघडणं बंद झालं. गाडीच्या बाजूच्या काचांना तिने जाळीचे पडदे लावले. पण पुढच्या काचेला काय लावणार?

"काळी फिल्म," ती नवऱ्याला म्हणाली होती.

सदानंद हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत क्वालिटी बघायचा. नियम त्याच्या हाडीमाशी भिनलेले. "पुढच्या काचेला चालत नाही, वीणा. मेडिकल रिपोर्टवर परवानगी मागता येते. अर्ज टाकलाय ना? थांब की."

"किती थांबू? चट्टे तिच्या अंगावर उठतात, अर्जावर नाही उठत!"

आज शनिवारची त्याची ड्यूटी होती. वाणसामान आणायला जाते असं त्याला सांगून ती इथे आली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढंसं खोटंसुद्धा तिला बोचत होतं.

वर्कशॉपचा मालक मोहिद्दीन केरळातल्या कन्नूरचा, साठीकडे झुकलेला माणूस. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, ऑफिसच्या काचेआड एसीत बसलेल्या ईशानीकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, परमिट का कागज है?"

"आएगा. अप्लाय किया है."

"तो आने दो. उसके पहले मैं सामने नहीं लगाता."

"भाईसाब, मेरी बच्ची बीमार है." तिचा आवाज चिरकला. "आप नहीं लगाओगे तो बगलवाला लगाएगा."

मोहिद्दीनने गडद फिल्मचा एक मोठा तुकडा कापला, साबणाच्या पाण्याने पुढच्या काचेवर बाहेरून नुसता चिकटवला. "पहले चला के देखो. बाहर से शेड के अंदर लाओ. धीरे."

वीणा स्टिअरिंगमागे बसली. बाहेरचं पांढरंफटक ऊन एकदम निवळलं, संध्याकाळच्या सावलीसारखं. तिला किती बरं वाटलं! हेच, हेच पाहिजे होतं. तिने ब्रेकवरचा पाय हलकेच उचलला आणि गाडी शेडच्या तोंडाशी आली.

आत शिरताच समोर काहीच दिसेना. भिंत कुठली, खांब कुठला, सगळा एकच काळोख. सवय होईल, डोळे बसतील, असं मनाशी म्हणत ती तशीच पुढे जात राहिली.

"रोको! रोको!"

मोहिद्दीनने ओरडत बॉनेटवर धाडकन हात आपटला. वीणाने ब्रेक दाबला. गाडी हिसका खाऊन थांबली. तिने दार उघडून बाहेर पाहिलं. बंपरपासून दोन हातांवर ईशानी उभी होती. ऑफिसात कंटाळून, आईला शोधत ती शेडमध्ये आली होती. समोर येणारी गाडी आपलीच, म्हणून ती हलली नव्हती.

"आई? डिडन्ट यू सी मी?"

वीणाने तिला छातीशी ओढलं. मोहिद्दीनने तो तुकडा ओढून काढला, चुरगाळून टाकला आणि दोघींना पाणी आणून दिलं.

जरा वेळाने तो उन्हातले अतिनील किरण मोजायचं, मुठीत मावेल एवढं मीटर घेऊन आला. गाडी उन्हात नेऊन त्याने ते आधी काचेबाहेर धरलं, मग पुढच्या काचेच्या आतून. आतला आकडा जवळजवळ शून्यावर होता.

"देखो. सामने का काच दो परत का है, बीच में प्लास्टिक. जो धूप चमड़ी को काटती है, वो यहीं रुकती है." मग त्याने मीटर बाजूच्या काचेशी, जाळीच्या पडद्यामागे धरलं. आकडा भराभरा चढला.

वीणा त्या आकड्याकडे बघत राहिली. तीन महिने ती समोरच्या उजेडाशी भांडत होती. खरा जाळ बाजूने येत होता, तिने स्वतः लावलेल्या जाळीतून.

"इधर धूप रोकनेवाली क्लिअर फिल्म लगाओ," मोहिद्दीन म्हणाला. "काला रंग नहीं चाहिए. बच्ची भी दिखेगी, रोड भी."

काम चालू असताना तिने सदानंदला फोन लावला. वाणसामानाचं खोटं, काळी फिल्म, शेड, दोन हातांचं अंतर, काहीही न लपवता तिने एका दमात सांगितलं.

"ईशू कुठंय?" त्याने विचारलं.

"माझ्या मांडीवर."

"मी निघतो. तू गाडी चालवू नकोस."

"नाही. मला आत्ताच चालवायची आहे, नाहीतर पुन्हा कधी बसवणार नाही स्टिअरिंगवर."

तो म्हणाला, "डॉक्टरांना मीटरचं सांगू. त्या काय म्हणतात बघू. आणि वीणा, पुढच्या वेळी मला सांगून जा. मी नाही म्हणालो तरी सांगून जा."

परतताना शारजाच्या रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. जाळ्या काढलेल्या बाजूच्या काचेतून स्वच्छ प्रकाश येऊन ईशानीच्या हातावर पडत होता. वीणा आरशात बघायची, समोर बघायची, पुन्हा आरशात. लाल दिसतंय का? की उगाच वाटतंय?

"आई, प्लीज, लुक ॲट द रोड."

"हो," वीणा म्हणाली, आणि दोन सिग्नल तरी तिने नजर समोरच ठेवली.