लॉटमध्ये आलेली करडगी

मंगळवार पेठेतला टायपिंगचा क्लास गुरुपादांनी बंद केला, तेव्हा मशिनी भंगारात गेल्या आणि एक कॉम्प्युटर तेवढा घरी आला. त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग एका जुन्या विद्यार्थ्यानं जुन्या नाण्यांच्या लिलावाची साइट दाखवली आणि गुरुपाद तिथं अडकले.

मिश्र लॉट म्हणजे कुणाच्या तरी ट्रंकेतली, फडताळातली चांदीची नाणी एका पिशवीत घालून, धूसर फोटो लावून विकायला काढलेली. आत काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून तर बोली लावायची. सुरुवातीला पार्सल आलं की ते जेवणाच्या ताटावरनं उठून फोडत. आता तसलं काही होत नव्हतं. तेच व्हिक्टोरियाचे रुपये, तेच पंचम जॉर्ज. माळेसाठी कडी जोडलेली आणि पुढं ती कडी उपटून काढलेली नाणी. कुणी राखेनं घासून घासून राणीचं नाकच घालवलेलं. तरी एखादा लिलाव संपत आला की ते खुर्चीत जाऊन बसत.

"दमलायसा तर सोडा की," बायको महादेवी म्हणायची.

"सोडून करू काय?"

पंचगंगेच्या मोठ्या पुराच्या पुढच्या वर्षी कुरुंदवाडहून एक लॉट आला. गुरुपादांनी पेपर पसरून पिशवी ओतली. नाण्यांबरोबर अंड्याच्या आकाराची चांदीची एक डबी घरंगळली. त्यांनी ती उचलली मात्र, हात थांबला. करडगी होती, लिंग ठेवून गळ्यात बांधायची डबी. झाकण फिरवलं तर आत, विभूतीनं पांढुरक्या झालेल्या फडक्यात, काळं लिंग.

महादेवी स्वयंपाकघरातून आली आणि बघून खालीच बसली. लिंगायताच्या घरात लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर असतं आणि माणूस गेलं की त्याच्याबरोबर मातीत जातं. गुरुपादांच्या आणि तिच्याही गळ्यात ते होतंच.

"हे कुणी इकलं?" ती म्हणाली.

पार्सलवरच्या नंबरावर गुरुपादांनी फोन लावला. वीरेश नावाचा पोरगा बोलला. मोबाइल रिपेअरीचं दुकान होतं त्याचं. पुरात ट्रंक भिजली, अव्वानं म्हणजे आईनं नाण्यांची पिशवी काढून दिली, त्यानं फोटो काढून साइटवर टाकला. आत काय काय आहे ते नीट बघितलंच नाही.

"घरात कुणाचं लिंग हरवलंय का?"

"न्हाय. आमच्या दोघांची गळ्यात हायत." मग त्यानं आवाज खाली आणला. "काका, तुम्हीच नदीत सोडा की. अव्वाला इचारू नका."

नदीत सोडायचं तर पंचगंगेला रिक्षानं जाता आलं असतं. पण ते कुणाचं, हे कळल्याशिवाय गुरुपादांचा हात होईना. दुसऱ्या दिवशी, गुडघे दुखत असताना, ते कुरुंदवाडच्या एसटीत बसले.

घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. वीरेशची आई रत्नव्वा सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. गुरुपादांनी नाव सांगितलं आणि करडगी तिच्यापुढं ठेवली. तिनं हात लावला नाही.

"कशाला आणलासा, अण्णा?"

"नाण्यांत चुकून आलं हुतं, अव्वा."

"चुकून न्हाय. मीच घातलं."

ती शेंगा फोडत राहिली आणि बोलत राहिली. लिंग तिच्या लेकीचं, दानेश्वरीचं. लेकीनं कबनूरच्या एका कापडाच्या मागवाल्याशी लग्न ठरवलं, परजातीतल्या. जायच्या दिवशी बाप दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, लिंग काढून ठेव आणि जा. पोरीनं काढलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. पुन्हा त्या घरात तिचं नाव निघालं नाही. पुढं बापही गेला.

"पूर आला तवा बायकांनी दागिनं घेतलं, मी ही डबी पदरात बांधून माडीवर चढले. किती डाव नदीवर गेले सोडायला. हुईना. माणूस जित्तं हाय की. ठेवावं तर रोज दिसतंय. म्हटलं, चांदीसंगट जाईल, कुणीतरी आटवंल, आपल्याला बघायला नको."

"कबनूरला कधी गेला न्हाईसा?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

गुरुपादांना आता घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. वस्तू ज्याची त्याला पोचली होती, त्यांचं काम झालं होतं. तरी ते म्हणाले, "मी इचलकरंजीवरनंच जाणार हाय. कबनूर वाटंतच लागतंय. येतासा?"

रत्नव्वानं सुपातल्या शेंगा संपवल्या, फोलपटं पाखडली आणि लुगडं बदलायला आत गेली.

बसमध्ये ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपली. करडगी धरलेली मूठ मात्र सुटली नव्हती. कबनूरला पत्ता विचारत दोघं माग असलेल्या चाळीत पोचली, तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. माग बंद, बायका पायऱ्यांवर बसलेल्या. त्यातली एक उठून उभी राहिली. केसांत कापसाचे तंतू, अंगानं सुटलेली. ती आईकडं बघत राहिली.

"स्टँडवरनं चालत आलीस व्हय, अव्वा?"

"व्हय."

"पाय बघ की कसलं सुजल्यात."

तिनं आत नेऊन दोघांना बसवलं, पाणी दिलं. रत्नव्वानं मूठ उघडली.

"हे अजून हाय?" दानेश्वरी म्हणाली.

"मी इकलं हुतं. ह्या अण्णांनी माघारी आणलं."

"इकलंस?"

"व्हय. दमले गं मी."

दानेश्वरी चिडेल असं गुरुपादांना वाटलं. ती खाली, आईच्या पायाशी बसली.

"मीबी दमले की," ती म्हणाली. मग डबी हातात घेऊन, "गळ्यात बांधणार न्हाय मी. पर ठेवते."

तिनं डबी फळीवर ठेवली आणि चहा टाकला. चहा पिता पिता वीज आली. सगळ्या चाळीतले माग एकदम सुरू झाले आणि कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. दानेश्वरी आईच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती. रत्नव्वा मान हलवत होती. गुरुपादांनी कप खाली ठेवला, हातानंच येतो म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले.

काही दिवसांनी वीरेशचा फोन आला. "काका, अव्वा अजून तिकडंच हाय. कधी येतीस म्हटलं तर इषय बदलतीया."

"मग तू जाऊन ये की," गुरुपाद म्हणाले.

"मी?"

"बहीण हाय तुझी."

पलीकडं दुकानातल्या रेडिओचा आवाज येत राहिला. "बघतो," वीरेश म्हणाला.