पालथा वाडगा

या, जवळ सरून बसा. मठात भिक्षू गाऊन प्रवचन सुरू करतील, त्याला अजून अवकाश आहे. तोवर एका नदीची गोष्ट सांगतो.

कौ महाशय देशातल्या नद्यांचा ग्रंथ लिहीत होते आणि मी त्यांची शाई घोटत बरोबर हिंडे. एक नदी डोंगराच्या कपारीत शिरून गडप व्हायची. ती बाहेर कुठे पडते, तेवढं लिहायचं राहिलं होतं. पलीकडच्या पायथ्याला झरा होता, पण तो तिचाच कशावरून? अशा वेळी कपारीत कोंडा ओतायचा आणि तो झऱ्यातून येतो का ते पाहायचं, ही आमची रीत.

कपारीपाशी मू नावाड्याची बायको श्यू बसली होती. आदल्या पुरात मू होडीसकट आत ओढला गेला, तो हाती लागलाच नाही.

"महाराज, नीट बघून सांगा," ती म्हणाली. "त्यांच्या आत्म्याला कुठल्या पाण्यावर बोलवून घास देऊ? चुकीच्या काठावर हाका मारत बसले, तर ते उपाशीच राहायचे."

"वहिनी, मी लिहीन ते खात्रीचंच लिहीन," कौ म्हणाले.

आम्ही पोतंभर कोंडा ओतला. त्यामागोमाग तिनं राळ्याच्या भाताचा लाकडी वाडगा सोडला. मी अमिताभ बुद्धाचं नाव गात होतो.

डोंगराला वळसा घालून तिघंही झऱ्यावर आलो. उन्हं कलली तरी कोंड्याचा कण दिसेना.

"हे पाणी वेगळं," म्हणत कौंनी कुंचला उचलला. श्यूचा चेहरा उतरला.

तेवढ्यात वाडगा आला, पालथा, अगदी सावकाश. मी उचलला. पाणी बर्फासारखं होतं, वाडगा मात्र कोमट. आतून बोटानं निपटल्यासारखा लख्ख.

"पोट भरलं की पालथा घालायचे," श्यू हळूच म्हणाली.

"आणि कोंडा?" कौंनी विचारलं.

"ऐका की."

खडकाच्या पोटात कुणीतरी सुपानं पाखडत होतं.

"दाताखाली एक कण आला तरी घर डोक्यावर घ्यायचे," ती म्हणाली. "आता बसलेत स्वतःच पाखडत."

तिनं काठावर बसून नवऱ्याला हाक मारली. सूप थांबलं.

'नदी इथे बाहेर पडते,' कौंनी लिहिलं.

ती घंटा झाली बघा. आज हात जोडाल तेव्हा मू नावाड्याची आठवण ठेवा. आणि पाण्यात मूठभर राळे सोडलेत, तर तेवढे पाखडून सोडा.