कढीपत्त्याच्या वाटचं ऊन

प्रद्युम्नचा जीव कढीपत्त्यात अडकला होता. स्टुटगार्टजवळच्या या घरात आल्यापासून त्याने दोन रोपं लावली आणि दोन्ही पहिल्याच हिवाळ्यात वाळून गेली. तिसरं आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कसंबसं तग धरून होतं. खिडकीबाहेर अंगणात स्प्रूसचं, म्हणजे देवदारासारखं एक उंच, भरगच्च झाड होतं आणि हिवाळ्यातलं उरलंसुरलं ऊन ते एकटंच गिळायचं. घरात ऊन यायचं ते वरच्या खोलीच्या खिडकीत. पण तिथे त्याच्या बायकोचा, नीलांबरीचा देव्हारा होता आणि देवांना उठवायची प्रद्युम्नची छाती नव्हती. त्यापेक्षा झाड पाडणं सोपं, असं त्याला वाटलं. बिचारा!

गावचा नियम सरळ होता. जमिनीपासून एक मीटर उंचीवर बुंध्याचा घेर ऐंशी सेंटीमीटर भरला, की झाड संरक्षित. मग ते तुमच्या अंगणातलं असो नाहीतर रस्त्यावरचं, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. प्रद्युम्नने मे महिन्यात टेप लावली. एकोणऐंशी! त्याला नाचावंसं वाटलं. पण मार्च ते सप्टेंबर पक्ष्यांच्या घरट्यांमुळे झाडं पाडायला बंदी, म्हणून थांबणं भाग होतं. वर शेजारच्या हेर फोगल, म्हणजे श्रीयुत फोगल यांनी सल्ला दिला, की परवानगी लागत नाही हेसुद्धा गावच्या कचेरीतून पक्कं करून घ्या. प्रद्युम्नने निमूट कचेरीला कळवलं.

मध्ये जून आला, वटपौर्णिमा आली. गावात वड कुठला असायला! नीलांबरी आणि तिच्या तीन मैत्रिणी दरवर्षी या स्प्रूसलाच वड मानून पुजायच्या. सुती दोरा पावसाने कुजतो, म्हणून यंदा त्यांनी जाडजूड लाल लोकर आणली आणि चौघींनी सात-सात फेरे घातले. प्रद्युम्नने ते पाहिलं, प्रसादाचा आंबा खाल्ला आणि विसरून गेला.

ऑक्टोबरात कचेरीतून फ्राऊ क्लाइन नावाच्या बाई आल्या. त्यांनी पट्टीने बरोब्बर एक मीटर मोजलं. तिथेच लोकरीचा जाड पट्टा होता.

"आल्झो, तर मग, हे आधी कापू या," म्हणत त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

"अगं बाई! अहो, थांबा!" नीलांबरी चप्पल न घालताच धावत आली. "अन्वी, सांग त्यांना, तो नवऱ्यांच्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा आहे!"

सात वर्षांच्या लेकीने, अन्वीने, जर्मनमध्ये भाषांतर केलं. ते असं झालं : "हे कापलं तर पपा मरतील. आणि अजून तीन काका."

फ्राऊ क्लाइनची कात्री हवेतच थांबली. त्यांनी प्रद्युम्नकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मग थोडं वर मोजा ना," प्रद्युम्न काकुळतीला आला.

"नियम एक मीटरचा आहे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" कुंपणापलीकडून हेर फोगल म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

फ्राऊ क्लाइननी टेप लोकरीवरूनच गुंडाळली. एक्क्याण्णव. त्या म्हणाल्या, "झाड संरक्षित. दोरा आपोआप गळून पडला की कळवा." निघताना त्यांनी प्रद्युम्नला तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं.

त्या रात्री प्रद्युम्न जेवायला बसला. वरणाला नुसत्या जिऱ्याची फोडणी होती, तेही त्याने मुकाट्याने खाल्लं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तिसरं रोपही आता जाणार आणि ते आपण रोज चहा पिता पिता बघत बसणार.

सकाळी तो चहा करायला गेला, तर खिडकीत कुंडी नव्हती. तिच्या जागी स्प्रूसच्या सावलीत देव्हारा मांडलेला. तो धावत वर गेला. कोवळ्या उन्हात कढीपत्ता ऐटीत उभा होता आणि त्याच्या काडीएवढ्या खोडाला उरलेल्या लाल लोकरीचा एक वेढा होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मागून नीलांबरी म्हणाली. "म्हणे झाड पाडतो! मला विचारायचं तरी होतंस."

"देव रागावले तर?"

"देवांचं काय वाळतंय? तुझं तोंड मात्र बघवत नव्हतं."

प्रद्युम्नला भरून आलं. दुपारच्या आमटीची फोडणी त्याला आत्ताच डोळ्यांपुढे दिसायला लागली. त्याने हळूच एका पानाकडे हात नेला.

"हं!" नीलांबरीने त्याचा हात धरला. "दोरा बांधलेलं झाड आहे. परवानगी काढलीस?"