मधलं पेडल

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. धड चाललेल्या वस्तूत हात घालायचा, आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा.

आमची लाँड्री. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांची, म्हणजे थोरल्याच्या बापाची गाडी असते. इंग्लंडात बनलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, शर्यतीची. माणसं दोनच मावतात, डोक्यावर छप्पर नाही, बॉनेटला चामड्याचा पट्टा आणि हँडब्रेक चक्क दाराबाहेर. ह्यांनी ती भंगारातून उचलून उभी केली आणि मला शिकवली. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेले नाही, पण वीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे मागे बांधून हीच गाडी हाकली. तिची तऱ्हा वेगळी. रेसचं पेडल मधे, ब्रेक उजवीकडे. माझ्या पायांना ते पाठ.

रविवारी जुन्या गाड्यांची रॅली होती. थोरला म्हणाला, "आई, ह्या वयात नको. मी चालवतो. तू शेजारी बस आणि लोकांना हात हलव."

"मी काय निवडणुकीला उभी आहे?"

बरीच वादावादी होऊन ठरलं, शनिवारी अंगणात एक फेरी मारायची. नीट जमली तर रॅलीत स्टिअरिंग माझं, नाहीतर त्याचं.

शनिवारी बसले. अंगण एवढंसं, पहिल्या गिअरमध्ये रेस न देताच गाडी रांगते. भिंत जवळ आली तसं सवयीने उजवं पेडल दाबलं, तर गाडीने उडीच मारली! वाळत घातलेल्या चादरी तोंडावर, दोरीचा खांब आडवा. बाहेर हात घालून हँडब्रेक जिवाच्या आकांताने ओढला, तेव्हा भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली.

थोरला धावत आला. "बघितलंस? वय झालं गं तुझं!"

क्षणभर मलाही वाटलं, झालं असेल बाई. मग तोंडावरची चादर काढून पायाशी वाकले. पेडलना नवेकोरे, चकचकीत नट.

"हे काय रे?"

"ते होय... मागच्या आठवड्यात बदलून घेतलं. सगळ्या गाड्यांना रेस उजवीकडेच असते. रॅलीत मला सोपं जावं म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विसरलो गं."

सूनबाई खांब उचलायचं निमित्त करून पाठमोरी हसत होती.

मी गाडीतून न उतरताच सांगितलं, "तुझा बाप हिचा एक स्क्रू फिरवायचा तरी मला विचारून. संध्याकाळच्या आत पेडल होतं तिथे बसव. ह्या चादरी तूच धुवायच्या, आणि त्याही हाताने. उद्या गाडी मी चालवणार. तू शेजारी बस आणि लोकांना हात हलव."