तो नाही, ती

मी नदी बोलतेय. ‘बोलतेय’ हे नीट ऐका, कारण या शहराने मला कधीच ‘तो’ करून टाकलंय. तो नाला.

जन्मापासून अशी नव्हते मी. उंच पर्वतावर बर्फ वितळतं, तिथल्या एका खडकाखालून मी करंगळीएवढी निघते. वाटेत ओढे येऊन मिळतात आणि मग उतारावर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आता वर बर्फच कमी पडतं. खाली आले की वाळूवाले माझा तळ खरवडून नेतात. शहराच्या वेशीवर रंगाचा कारखाना आहे. तिथे आज कुठला रंग चाललाय ते माझ्याकडे बघून कळतं. त्यात घराघरांतलं सांडपाणी. एवढं करून लोक नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, नाला काय वास मारतोय! करून सवरून नामानिराळे.

माझ्या काठावर एक सासू-सून हॉटेलांच्या चादरी धुतात. पूर्वी माझ्या पाण्यात धुवायच्या, आता नळाच्या. वाळत घालायला मात्र माझाच काठ. सासू ‘नदीवर जाते’ म्हणते. सून फोनवर सांगायची, “नाल्यावर आहे, नंतर बोलते.” मला राग यायचा. पण तिने मला स्वच्छ कधी पाहिलंच नव्हतं.

परवा पालिकेचा मुकादम आला. त्याच्या माणसांनी माझ्या दोन्ही काठांवर चुन्याची रेघ ओढली. वर स्लॅब टाकणार, त्यावर गाड्या उभ्या करणार. नदी झाकली तर लोक बोलतात, नाला झाकला तर कोण विचारतो?

सासू चादर पिळता पिळता म्हणाली, “दादा, झाकण पातेल्यावर ठेवतात. नदीवर नाही.”

“मावशी, नदी राहिलीय कुठे? ती नाला आहे.”

“ती नाला?” सून फिसकन हसली. चुना टाकणारेही हसले.

मुकादम ओशाळला. “जिभेची सवय हो. लहानपणी इथेच पोहायला शिकलो. पण आता वरून हुकूम आहे.”

सून हसायची थांबली. “किती खोल होती?”

त्याने हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

तेव्हापासून सून दारोदार फिरतेय. स्लॅबवाले येतील तेव्हा सगळ्यांनी काठावर यायचं, असं सांगतेय. मघाशी नवऱ्याचा फोन आला. “नदीवर आहे,” ती म्हणाली. “उशीर होईल.”

मला आई म्हणू नका. आईला किती सोसायला लावतात ते मी काठाकाठाने बघत आलेय. कारखान्याचं पाणी थांबवा, त्या सुनेबरोबर उभे राहा, आणि मला ‘ती’ म्हणा. बाकीचं मी बघते. वर बर्फ वितळायला लागलंय, मी निघालेय. ती चुन्याची रेघ मलाच पुसायची आहे.