डाव्या कोपऱ्यातली चिठ्ठी

मी एक जुनी शंकापेटी आहे. मित्रांनो, हातखंब्याच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर मी असते. धाकू सुताराने मला उरल्यासुरल्या फणसाच्या फळीतून बनवलं. डाव्या कोपऱ्यात एक फट राहिली. "चालतंय, कागदच तर टाकायचेत," तो म्हणाला.

माझ्यात लोक इंग्रजीच्या शंका टाकत. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागतं का? 'मायसेल्फ दीपक' म्हटलं तर साहेब हसेल का? चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, असा नियम. दर शनिवारी संध्याकाळी निवृत्त मास्तर अण्णा मला उघडत, चिठ्ठ्या मोठ्याने वाचत आणि फळ्यावर उत्तरं लिहीत. अण्णांची वाहवा होई. थोडी माझीही.

गोदा आंब्याच्या पॅकिंगला जायची. नवरा मुंबईला. मुलगी मनस्वी इंग्रजी शाळेत, आणि तिथल्या पालकसभेत बाई इंग्रजीतच बोलत. गोदा खोक्यावर चिकटवायच्या लेबलांच्या मागे शंका लिहायची. नाव नसे, पण उलट बाजूला पिवळाधमक आंबा असे. त्यावरून चिठ्ठी कोणाची ते कळतं, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

सभेच्या आधीच्या शनिवारी तिने दोन चिठ्ठ्या टाकल्या. एक अण्णांच्या हाती लागली. 'माझी मुलगी घरी अभ्यास करते, हे इंग्रजीत असंच म्हणतात ना?' खाली तिने स्वतः जुळवलेलं वाक्य होतं. अण्णांनी ते वाचलं, चिठ्ठी उलटली, आंबा सगळ्यांना दाखवला. "अरे वा! या इंग्रजीला आंब्याच्या अढीचा वास येतोय!"

वाचनालय हसलं. "काय गो गोदा, मडम होतेस काय?" पेपर वाचायला आलेल्या यमुनाबाईंनी दाराशी उभ्या गोदाला विचारलं. गोदाही हसली. मग चपला घालून गेली, ती परत आली नाही. हसण्याच्या नादात फळ्यावर तिचं उत्तर लिहायचं राहूनच गेलं.

आता लोक शंका फोनला विचारतात. माझ्या डोक्यावर वायफायचं यंत्र ठेवलंय. परवा मनस्वी कॉलेजचा फॉर्म भरायला इथे बसली होती. मैत्रिणीला म्हणाली, "आई एकाही पालकसभेला आली नाही. तिला कुठे पडलं होतं माझं!" तिचं कोपर माझ्यावर टेकलेलं होतं.

दुसरी चिठ्ठी अजून माझ्या फटीत आहे. 'मी मनस्वीची आई. मला इंग्रजी येत नाही, पण तिच्याबद्दल सगळं ऐकायचंय. हे बाईंना कसं सांगू?'

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. कोणाच्या चुकीवर हसण्याआधी दाराशी कोण उभं आहे, तेवढं बघा. आणि मला कधी उघडलंत, तर डाव्या कोपऱ्यात नख घालून ती चिठ्ठी काढा. मागे आंबा असेल. मनस्वीला द्या.